जुना अँट प्रकल्प मेव्हनवर आणतोय: सोर्स फाइली कुठून घ्यायच्या हे टूलला कसं सांगायचं?

मुलुंड_लोकल

मंडळी, मदत हवी आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे कोणाला उलट विचारत बसावं लागणार नाही.

आमच्या सोसायटीचा (मुलुंड पूर्व, दोन विंग, ८४ सदनिका) मेंटेनन्स बिलांचा प्रोग्राम जावात आहे. २००७ साली बी विंगमधल्या एका काकांनी निवृत्तीनंतर तो एकट्याने लिहिला. बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, पार्किंगचे पैसे सगळं त्यातूनच निघतं. काका आता पुण्याला लेकीकडे राहतात आणि मी गेल्या वर्षी कमिटीत आल्यापासून प्रोग्राम माझ्याकडे आहे. तो अँट या जुन्या टूलवर बिल्ड होतो, म्हणजे सोर्स फाइलींपासून चालणारा प्रोग्राम तयार होतो. लायब्रऱ्यांचे जार (जावा क्लासचे गठ्ठे) एका फोल्डरमध्ये हाताने टाकलेले आहेत, म्हणून मेव्हन या दुसऱ्या बिल्ड टूलवर न्यायचं ठरवलं.

फोल्डरांची रचना अशी आहे (नावं इथे देवनागरीत लिहितोय, डिस्कवर अर्थातच रोमनमध्ये आहेत):

एसआरसी/सोसायटी/बिल/पावती.जावा
एसआरसी/सोसायटी/बिल/व्याज.जावा
एसआरसी/सोसायटी/बिल/मजकूर.प्रॉपर्टीज
एसआरसी/जुने/सोसायटी/बिल/पावती.जावा
टेस्ट/सोसायटी/बिल/व्याजतपासणी.जावा
जेन/सोसायटी/बँक/… (बँकेच्या एक्सएमएल फाइलीवरून तयार होणारे क्लास)

मी साधी पॉम फाइल (मेव्हनची सूचनांची फाइल) लिहिली आणि कंपाइल चालवलं. मेव्हन म्हणालं की कंपाइल करायला सोर्स नाहीत, आणि खाली ठसठशीत ‘बिल्ड सक्सेस’. जार केला तर दोन-तीन केबीचा, आत एकही क्लास नाही, फक्त एक इशारा की जार रिकामा राहील.

मग शोधून पॉममध्ये सोर्सडिरेक्टरी ‘एसआरसी’ अशी दिली. आता फाइली सापडतात, पण ‘डुप्लिकेट क्लास’ अशा २३ चुका येतात. अँटवर हाच कोड इतकी वर्षं विनातक्रार बिल्ड होतोय, मग इथेच डुप्लिकेट कुठून आले?

फाइली सरळ मेव्हनच्या पद्धतीप्रमाणे हलवू, की आहे त्या जागी ठेवून टूलला सांगू? ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहे, त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

गिरगाव_चौपाटी

वाचतोय. आमच्याकडेही असाच एक प्रकल्प पडून आहे.

जुना_अँटवाला

तुमच्या ‘जुने’ फोल्डरमध्ये आणि बाहेर एकाच पॅकेजची पावती आहे, तेच डुप्लिकेट. अँटला ते दिसत नव्हतं कारण कोणीतरी त्याला ‘तिकडे बघू नकोस’ असं सांगून ठेवलं असणार. बिल्ड.एक्सएमएल (अँटची सूचनांची फाइल) उघडा, जावासी म्हणजे कंपायलरच्या टास्कच्या पोटात ‘एक्सक्लूड’ शोधा.

तोवर मूळ मुद्दा सांगतो, कारण तो कळला की पुढचं सोपं जातं. आपण म्हणतो ‘टूल फाइली शोधतं’. खरं तर शोधणं असं काही नसतं. तुम्ही एक मूळ फोल्डर देता आणि एक नमुना देता. टूल त्या मुळापासून खाली सगळीकडे जातं आणि नमुन्याला जुळेल ते उचलतं, बस. बाहेर काय आहे, आत काय नको होतं, याची त्याला काहीही कल्पना नसते.

अँटमध्ये मूळ तुम्हीच लिहायचं. एसआरसीडिर (सोर्सचं मूळ फोल्डर) दिला नाही तर अँट पुढे जातच नाही, तिथेच थांबून सांगतं. मेव्हनचं उलट. तुम्ही काही न लिहिता प्रत्येक पॉम एका ‘सुपर पॉम’कडून वारसा घेते आणि त्यात लिहिलेलं असतं: मुख्य कोड एसआरसी/मेन/जावा, टेस्ट एसआरसी/टेस्ट/जावा, बाकीच्या फाइली एसआरसी/मेन/रिसोर्सेस. तुमच्याकडे एसआरसी/मेन/जावा नाहीच. मेव्हनच्या दृष्टीने ही चूक नाही, कारण नुसत्या रिसोर्सचे किंवा नुसत्या पॉमचे प्रकल्पही असतात. म्हणून ‘सोर्स नाहीत’ आणि ‘सक्सेस’ दोन्ही एकाच वेळी.

अँट २००० साली आलं, मेव्हन २ हे २००५ साली. त्या काळात प्रत्येक घराची रचना वेगळी असायची. एकाचं एसआरसी, एकाचं सोर्स, एकाचं जावासोर्स. नव्या माणसाला आठवडा फोल्डर समजून घेण्यात जायचा. मेव्हनने सगळ्यांना एकच नकाशा दिला, हे त्याचं मोठं काम आहे आणि मला ते मनापासून पटतं. पण तुमचं घर त्या नकाशाच्या आधीचं आहे.

मुलुंड_लोकल

कुर्ल्याला गाडी थांबली आहे, तेवढ्यात लिहितो. सापडलं! बिल्ड.एक्सएमएलमध्ये ओळ ४१ ला ‘जुने’ आणि त्याखालचं सगळं एक्सक्लूड केलेलं आहे. वर काकांची टीप आहे, २००९ ची: ‘तिमाही बिलाचा जुना नमुना. काढू नये.’

म्हणजे प्रकल्पात काय धरायचं नाही ही माहिती फक्त त्या एका ओळीत होती. फोल्डरकडे बघून कळायला काही मार्ग नव्हता.

विद्याविहार_लॅब

मी इथल्या एका कॉलेजात जावा शिकवते. एक गोष्ट जोडते, कारण विद्यार्थी इथेच हमखास अडखळतात.

पॅकेज आणि फोल्डर जुळलंच पाहिजे असं आपण शिकवतो. पण कंपायलरच्या हातात फाइल थेट दिली, म्हणजे तिचा पूर्ण पत्ताच दिला, तर ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची तो तक्रार करत नाही. फाइलीच्या आत पॅकेज जे लिहिलंय तेच खरं. म्हणून एसआरसी/जुने/सोसायटी/बिल मधली पावतीसुद्धा ‘सोसायटी.बिल.पावती’च ठरते, ‘जुने’ तिच्या नावात येत नाही. मेव्हन सापडलेल्या सगळ्या फाइलींची यादी करून कंपायलरला देतं, त्यामुळे एकाच पूर्ण नावाचे दोन क्लास समोर आले. ए विंगला ३०२ आहे, बी विंगलाही ३०२ आहे. बिलावर विंग छापलीच नाही तर पोस्टमन काय करणार?

फोल्डर जुळावं लागतं ते दुसऱ्या वेळी. तुम्ही पावती दिलीत, तिच्यात व्याजचा उल्लेख आहे आणि व्याजची फाइल यादीत दिलेली नाही. मग कंपायलर सोर्सपाथ म्हणून दिलेल्या यादीतल्या प्रत्येक मुळाखाली सोसायटी/बिल/व्याज.जावा असा नेमका पत्ता बघतो. तिथे नसेल तर ‘सिंबल सापडत नाही’. सोर्सपाथ दिलाच नसेल तर हाच तपास तो क्लासपाथवर (तयार क्लास आणि लायब्रऱ्यांच्या यादीत) करतो.

यातून निघणारी एक खोच लक्षात ठेवा. मेव्हनचं कंपायलर प्लगइन तुमची सोर्सची मुळं सोर्सपाथ म्हणूनही पुढे देतं. त्यामुळे तुम्ही एखादी फाइल प्लगइनच्या एक्सक्लूडमध्ये टाकली आणि दुसऱ्या एखाद्या फाइलीत तिचा उल्लेख राहिला, तर कंपायलर ती स्वतःहून उचलतो आणि कंपाइल करतो. ‘मी वगळली होती, तरी जारमध्ये कशी आली?’ हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं. तुमच्या ‘जुने’च्या बाबतीत हा धोका नाही, कारण मूळ एसआरसी आहे आणि तिथून सोसायटी/बिल/पावती या पत्त्यावर नवीच फाइल आहे. जुनी त्या पत्त्यावर बसतच नाही. तेव्हा एक्सक्लूड चालेल.

मुलुंड_लोकल

ताई, हे इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. एक्सक्लूड टाकला, २३ च्या २३ चुका गेल्या.

ठाणे_खाडी

माझं मत वेगळं आहे. एक्सक्लूड ही तात्पुरती मलमपट्टी. ‘जुने’ फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) आहेच ना? मग आजच काढून टाका, लागेल तेव्हा इतिहासातून मिळेल. आणि सगळ्या फाइली एसआरसी/मेन/जावा मध्ये हलवा. एका रविवारचं काम आहे. पॉममध्ये आपली वेगळी रचना लिहीत बसलात तर उद्या तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला तुमच्यासारखाच धागा काढावा लागेल.

जुना_अँटवाला

शेवटी हलवायच्याच, यात वाद नाही. पण आधी नाही. मी असे पाच-सहा प्रकल्प हलवले आहेत आणि दर वेळी क्रम एकच ठेवला.

पहिल्यांदा आहे तीच रचना टूलला सांगायची: सोर्सडिरेक्टरी एसआरसी, टेस्टसोर्सडिरेक्टरी टेस्ट. एकही फाइल हलवायची नाही. मग अँटचा जार आणि मेव्हनचा जार शेजारी ठेवायचे, दोन्हींतल्या फाइलींची यादी काढायची आणि ओळीओळीने ताडायची. यादी सारखी झाली की मगच हलवायचं. हलवण्याचा कमिट (गिटमधली एक नोंद) वेगळा, त्यात कोडचं एक अक्षरही बदलायचं नाही. गिट ‘ही फाइल तिकडून इकडे आली’ अशी वेगळी नोंद ठेवत नाही. मजकुराच्या सारखेपणावरून तो ते नंतर ओळखतो. हलवताना बरंच काही बदललंत तर जुनी फाइल पुसली आणि नवी आली असं दिसतं, आणि गिटच्या लॉगला फॉलो हा पर्याय लावूनसुद्धा २००७ पासूनचा इतिहास तिथे तुटतो.

आधी हलवलं आणि मग बिल्ड मोडला तर दोष हलवण्यात आहे की पॉममध्ये, हे सांगता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, एवढंच.

ठाणे_खाडी

जार ताडून बघायची कल्पना पटली. क्रमाबद्दल माघार घेतो. ‘जुने’ काढण्याबद्दल मात्र मत कायम.

मुलुंड_लोकल

मी घाई केली. क्रम वाचायच्या आधीच टेस्ट एसआरसी/टेस्ट/जावा मध्ये हलवल्या होत्या, कारण ते सोपं वाटलं. आता मुख्य कंपाइललाच चूक येते, जेयुनिटचं (टेस्ट लिहायच्या लायब्ररीचं) पॅकेज अस्तित्वात नाही म्हणून. पॉममध्ये जेयुनिट टेस्ट स्कोपने, म्हणजे फक्त टेस्टपुरतं, दिलेलं आहे.

विद्याविहार_लॅब

सोर्सडिरेक्टरी अजून ‘एसआरसी’च आहे ना? मग एसआरसी/टेस्ट/जावा त्याच्या पोटातच आलं. मेव्हनने तुमच्या टेस्ट मुख्य कोड समजून उचलल्या आणि मुख्य कोडला टेस्ट स्कोपची लायब्ररी दिसत नाही. एका मुळाच्या आत दुसरं मूळ कधी ठेवू नये. सुपर पॉममधली एसआरसी/मेन आणि एसआरसी/टेस्ट ही भावंडं आहेत, एक दुसऱ्याच्या आत नाही, ते याचसाठी.

मुलुंड_लोकल

टेस्ट परत जागेवर नेल्या. बिल्ड झाला. आता क्रमाने जातो.

उबुंटू_उपनगर

विंडोजवर बिल्ड करताय की लिनक्सवर?

मुलुंड_लोकल

माझ्या लॅपटॉपवर विंडोज. सोसायटी ऑफिसातल्या डेस्कटॉपवर उबुंटू, बिलं तिथून छापतात. का?

उबुंटू_उपनगर

तिथे आधी एकदा चालवून बघा, मग बोलू.

मुलुंड_लोकल

चालवलं, आणि अडलं. लॅपटॉपवर एकही चूक नाही. ऑफिसात: ‘पार्किंग हा क्लास पब्लिक आहे, तो पार्किंग.जावा नावाच्या फाइलीत हवा.’ पण तो त्याच नावाच्या फाइलीत आहे! मी डोळ्यांनी बघतोय.

उबुंटू_उपनगर

ऑफिसच्या मशीनवर बघा, लॅपटॉपवर नको. पहिलं अक्षर लहान पी असेल.

काय होतं सांगतो. कोणीतरी फाइल लहान पीने तयार केली, गिटमध्ये टाकली. नंतर लक्षात आल्यावर विंडोज एक्सप्लोररमध्ये नाव बदलून कॅपिटल पी केलं. विंडोजच्या डिस्कवर लहान-मोठं अक्षर एकच मानतात, त्यामुळे तिथे गिटही तसाच वागतो आणि त्याला बदल दिसतच नाही. स्टेटस विचारा, ‘काही नाही’ म्हणेल. तुमच्या डिस्कवर नाव बरोबर, गिटच्या पोटात जुनंच. लिनक्सवर क्लोन केलं (गिटमधून प्रत उतरवली) की जुनं नाव उतरतं आणि लिनक्सला लहान पी आणि मोठा पी ही दोन वेगळी अक्षरं. मॅकवरही, डिस्क मुद्दाम वेगळी फॉरमॅट केली नसेल तर, विंडोजसारखंच.

उपाय: गिटच्याच मूव्ह कमांडने आधी भलतंच नाव द्या, मग त्यावरून हवं ते नाव द्या. कमिट करा. फोल्डरांच्या नावांनाही हेच लागू, आणि तिथे ते जास्त छळतं, कारण ताईंनी सांगितलं तसं, दिलेल्या फाइलीच्या फोल्डरचं नाव कंपायलर तपासत नाही. सोर्सपाथवरून शोधायची वेळ आली की मगच ते बाहेर येतं.

मुलुंड_लोकल

लहान पीच होता. दोन पायऱ्यांत बदलला, ऑफिसात बिल्ड झाला. अँट मी तिथे कधी चालवलंच नव्हतं, लॅपटॉपवरून जार पेन ड्राइव्हने न्यायचो. म्हणून इतके दिवस कळलं नाही.

आता जार ताडतो. मेटा-इन्फ फोल्डर (जारची स्वतःची माहिती) सोडून अँटच्या जारमध्ये ११८ नोंदी, मेव्हनच्या ९६.

मुलुंड_लोकल

(आज सकाळी) २२ पैकी २१ जेनचे क्लास, ते अजून जोडलेले नाहीत. उरलेली एक नोंद म्हणजे मजकूर.प्रॉपर्टीज. पावतीवरचे सगळे मराठी शब्द त्यात आहेत. प्रोग्राम चालवला की ‘बंडल सापडत नाही’ म्हणून बंद पडतो.

जुना_अँटवाला

सोर्सडिरेक्टरीतून मेव्हन फक्त जावा फाइली घेतं. शेजारी ठेवलेली प्रॉपर्टीज, एक्सएमएल, चित्रं तो बघतही नाही. एक्लिप्स हा कोड लिहायचा एडिटर सोर्स फोल्डरमधल्या अशा फाइली आपणहून बाहेर कॉपी करतो, आणि तुमच्या काकांच्या बिल्ड.एक्सएमएलमध्ये कॉपीचा एक टास्क असेलच. दोन्हीकडे चालायचं, म्हणून ही फाइल वेगळी हाताळावी लागेल असं कोणाच्या मनात येत नाही.

पॉममध्ये रिसोर्सेस विभाग लिहा. डिरेक्टरी एसआरसी, त्यात इन्क्लूड फक्त प्रॉपर्टीज, आणि ‘जुने’ इथेही वगळा. कंपायलरला सांगितलेलं एक्सक्लूड रिसोर्सला लागू होत नाही, ती दोन वेगळी खाती आहेत. आणखी एक: रिसोर्सेस विभाग तुम्ही स्वतः लिहिला की सुपर पॉममधला विसरला जातो. त्यात भर पडत नाही, तो बदलला जातो. उद्या तुम्ही एसआरसी/मेन/रिसोर्सेस फोल्डर केलात तर त्याचीही नोंद हाताने करावी लागेल.

विद्याविहार_लॅब

फाइल मराठी आहे म्हणून सांगते. प्रॉपर्टीज उघडल्यावर आत मराठी अक्षरं दिसतात की उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे?

मुलुंड_लोकल

रेघ-यू-आकडे. ‘थकबाकी’ शोधायला अर्धा तास लागला होता.

विद्याविहार_लॅब

मग काकांनी त्या काळी जे करायला हवं तेच केलं आहे. तेव्हा जावा या फाइली लॅटिन अक्षरसंचातच वाचायचं, देवनागरी सरळ लिहिली तर पावतीवर कचरा छापला जायचा. म्हणून नेटिव्ह-टू-आस्की नावाच्या टूलमधून फाइल काढायची. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, रिसोर्स बंडल यूटीएफ-८ मध्ये वाचलं जातं आणि ते टूलही जेडीकेमधून (जावाच्या टूल-संचातून) गेलं. तुम्ही फाइल सरळ मराठीत लिहू शकता. फक्त एक तपासा: कोडमध्ये ती रिसोर्स बंडल म्हणून वाचली जाते, की प्रॉपर्टीज क्लासच्या लोडला इनपुट स्ट्रीम देऊन? दुसरं असेल तर तिथे नियम जुनाच आहे, त्यात रीडर द्यावा लागेल.

आणि पॉममध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. जावा १८ च्या आधी विंडोजवर कंपायलर मशीनचं एन्कोडिंग धरायचा, आणि कोडमधल्या मराठी शब्दांचा कचरा व्हायचा.

मुलुंड_लोकल

रिसोर्स बंडलच आहे. पूर्ण फाइल मराठीत आणली. ‘सिंकिंग फंड’, ‘ना-वहिवाट शुल्क’, ‘थकबाकीवरील व्याज’ सगळं आता वाचता येतं. जेनचं काय करू?

ठाणे_खाडी

जेन गिटमध्ये ठेवू नका. जे यंत्राने तयार होतं ते यंत्रालाच तयार करू द्या, टार्गेट/जनरेटेड-सोर्सेस खाली. क्लीन केलं की पुसलं जातं, पुढच्या बिल्डला ताजं होतं. जॅक्सबीचं (एक्सएमएलसाठी जावा क्लास बनवणाऱ्या टूलचं) मेव्हन प्लगइन वापरलंत तर ते फोल्डर स्वतःच सोर्सच्या मुळांत जोडतं. जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेमध्ये नाही, तेव्हा लायब्ररीही वेगळी जोडा. पॉममध्ये सोर्सडिरेक्टरी एकच देता येते. एखादं टूल आपलं फोल्डर जोडत नसेल तर बिल्ड हेल्पर प्लगइनचं ‘ॲड-सोर्स’ लावा. इंटेलिजे या एडिटरमध्ये उजवी क्लिक करून फोल्डर निळं करणं हा उपाय नाही. मेव्हन पुन्हा लोड झालं की पॉममध्ये जे आहे तेच परत येतं.

ग्रेडल_गोरेगाव

ग्रेडल या तिसऱ्या बिल्ड टूलवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे सोर्ससेट असतात, मेन आणि टेस्ट, मूळ फोल्डर मेव्हनचेच. एसआरसीडिर म्हणून फोल्डर दिलं तर ते आधीच्यात जोडलं जातं. एसआरसीडिर्स ला बरोबरचं चिन्ह लावून यादी दिली तर आधीचं जातं आणि फक्त यादीतलं उरतं. एका ‘एस’ आणि एका चिन्हाचा फरक, पण परिणाम उलटा. ताईंनी सांगितलेला सोर्सपाथचा प्रकार ग्रेडलमध्ये होत नाही, तो सोर्सपाथ मुद्दाम रिकामा देतो. वगळलेल्या फाइलीचा उल्लेख राहिला तर सरळ चूक येते. मला हे वागणं जास्त बरं वाटतं. जनरेटेड कोडसाठी फोल्डरचं नाव न देता तो तयार करणारा टास्कच एसआरसीडिरला द्या, म्हणजे आधी तयार करून मग कंपाइल हा क्रम आपोआप लागतो.

मुलुंड_लोकल

जेन जोडलं. ११८ विरुद्ध ११८. यादी ओळीओळीने सारखी. सगळ्यांचे मनापासून आभार! रविवारी फाइली हलवतो.

जुना_अँटवाला

छान. एक विचारायचं राहिलं. टेस्ट किती चालल्या?

मुलुंड_लोकल

बिल्ड सक्सेस आहे.

जुना_अँटवाला

ते नाही. आकडा बघा.

मुलुंड_लोकल

‘चालवायला टेस्ट नाहीत.’

टेस्ट फोल्डरमध्ये ३७ फाइली आहेत. कंपाइल झालेल्या दिसतात. चालत एकही नाही.

जुना_अँटवाला

नावं बघा. व्याजतपासणी, पावतीतपासणी. टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन मुळाबरोबर नावाचा नमुनाही बघतं. क्लासच्या नावाची सुरुवात ‘टेस्ट’ने किंवा शेवट टेस्ट, टेस्ट्स, टेस्टकेस यांपैकी एकाने व्हायला हवा. ‘तपासणी’ त्याला कळत नाही. अँटमध्ये काकांनी बॅचटेस्टला आपला नमुना दिला असणार.

शुअरफायरमध्ये इन्क्लूड लिहा, शेवट ‘तपासणी’. आणि ‘फेल इफ नो टेस्ट्स’ चालू करा, म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही तर बिल्ड लाल होईल. या प्रकल्पात तुम्हाला आलेली सगळ्यात वाईट चूक ही आहे. डुप्लिकेट क्लास ओरडून सांगतो, लहान पी ओरडून सांगतो. ही गप्प बसते.

मुलुंड_लोकल

उशिरा उत्तर देतोय, दोन दिवस यातच गेले.

इन्क्लूड टाकला. ३७ चालल्या, ३६ हिरव्या, एक लाल. व्याजतपासणी.

एप्रिलमध्ये कमिटीने तिमाहीऐवजी मासिक बिलं सुरू केली, तेव्हा व्याज.जावा मी बदलली होती. आमच्या सोसायटीच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळ व्याज, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. आम्ही २१ च घेतो, म्हणजे महिन्याला पावणेदोन. मी मागच्या महिन्याचं व्याज थकबाकीत मिळवून त्यावर पुढचं काढत होतो. चक्रवाढ. लॅपटॉपवर घाईत बदल केला, अँटचं फक्त जार बनवणारं टार्गेट चालवलं, टेस्टचं चालवलं नाही. काकांची तपासणी तिथे होती. १८,००० रुपये, सहा महिने, उत्तर १,८९०. माझा कोड १,९७४ रुपये ६४ पैसे देतो.

बी विंगमध्ये एक आजी एकट्या राहतात, त्यांची थकबाकी जवळपास एवढीच आहे. जुलैत त्यांनी ऑफिसात येऊन विचारलं होतं की व्याज दर महिन्याला वाढतं कसं. मी त्यांना ‘कॉम्प्युटरने काढलंय’ असं सांगून परत पाठवलं. हे मला फार लागलं आहे.

एकूण ११ सदनिकांना जादा व्याज लागलं. काल कोड दुरुस्त केला, ३७ हिरव्या झाल्या, मग एप्रिलपासूनचं पुन्हा काढलं. सेक्रेटरींना सगळं सांगितलं. पुढच्या बिलात फरक वजा करून दाखवतोय आणि सोबत चिठ्ठी जोडतोय. आजींकडे मी स्वतः जाऊन आलो.

गिरगाव_चौपाटी

तुम्ही हे इथे लिहिलंत, त्याबद्दल आदर वाटला. आमच्या प्रकल्पावर आत्ताच जाऊन बघितलं. टेस्ट शून्य. ‘चाचणी’ अशी नावं आहेत.

विद्याविहार_लॅब

गिरगावकर, इन्क्लूड लिहिताना एक बघा. तो लिहिला की शुअरफायरचे मूळ नमुने जातात. दोन्ही तऱ्हेची नावं असतील तर दोन्ही नमुने लिहा.

ठाणे_खाडी

मुलुंडकर, ‘जुने’ फोल्डरचं काय केलंत शेवटी?

मुलुंड_लोकल

काकांना फोन केला. त्यांचं म्हणणं, २००९ मध्ये तिमाही बिलाचा नमुना बदलला तेव्हा एक सभासद जुन्या बिलांवरून उपनिबंधकांकडे गेले होते. ती बिलं जशीच्या तशी पुन्हा छापून द्यावी लागतील म्हणून कोड चालू स्थितीत ठेवला. प्रकरण २०११ मध्ये मिटलं. ‘आता काढ, पण गिटमध्ये खूण करून काढ,’ म्हणाले.

तेव्हा ‘तिमाही-नमुना’ असा टॅग दिला, मग फोल्डर काढलं, कंपायलर आणि रिसोर्सेस दोन्हीकडचे एक्सक्लूड काढले. रविवारी सगळ्या फाइली एसआरसी/मेन/जावा, रिसोर्सेस आणि एसआरसी/टेस्ट/जावा मध्ये गेल्या, वेगळ्या कमिटमध्ये. पॉममधल्या सोर्सडिरेक्टरी, टेस्टसोर्सडिरेक्टरी आणि रिसोर्सेसच्या ओळीही गेल्या, आता मेव्हनचंच चालतं. कुठल्या फाइली घ्यायच्या हे सांगणारी माझ्या हाताची एकच ओळ उरली, शुअरफायरची ‘तपासणी’. काकांनी ठेवलेली नावं मी बदलणार नाही.

जार पुन्हा ताडला. ११८. ऑफिसच्या उबुंटूवर क्लोन करून तिथेच बिल्ड केला, ३७ टेस्ट चालल्या. या महिन्याची बिलं तिथून छापून झाली, वॉचमनकाका आत्ता ए विंगला वाटतायत.